आजीच्या डब्यातल्या अटॅचमेंट नेमक्या कोणत्या मशीनच्या?

वाड्यातली खिडकी | रविवार, सकाळी १०.१२

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला देण्यापूर्वी माळा रिकामा करताना पत्र्याचा एक जुना बिस्किटांचा डबा हाती लागला. तो आजीचा आहे हे आतल्या बटणांवरून आणि तिच्या अक्षरातल्या मापांच्या चिठ्ठीवरून लगेच कळले. पण बटणांच्या खाली शिवणयंत्राचे जे सुटे भाग निघाले, त्यांतले निम्मे मी आयुष्यात पाहिलेले नाहीत.

एका भागाला दोन बोटांची काटकी असून त्याच्या पट्टीवर १, ६, १२ हे आकडे आणि एक चांदणी आहे. दुसरा म्हणजे पाच अरुंद खाचांचा चपटा तुकडा. तिसरा भाग भोंग्यासारखा गुंडाळलेला आहे, आणि तसाच, पण थोडा वेगळा, आणखी एक आहे. मुठीएवढी एक काळी वजनदार वस्तू आहे, जी मी प्रथम कंडक्टरचे तिकीट पंच करायचे यंत्र समजले. शिवाय डंबेलच्या आकाराच्या, बोटाएवढ्या लांब दोन सळ्या आणि होडीसारखी एक टोकदार डबी आहे. बहुतेक भागांवर बारीक अक्षरांत ‘सिमँको’ असे कोरलेले दिसते.

माझ्याकडे सासूबाईंचे काळे, पायाचे उषा मशीन चालू स्थितीत आहे. यातले काय त्याला बसेल, आणि आजीकडे मुळात कोणते मशीन होते, असे माझे दोन प्रश्न आहेत. आजीचे मशीन घरात कुणाकडेच नाही.

अर्धवट शिंपी | रविवार, सकाळी १०.४०

काळ्या मशीनला काळ्या मशीनचे सगळे बसते, ताई. स्क्रू सैल करा, घुसवा आणि आवळा. माझ्या आईने तीस वर्षे असेच केले.

गोधडीवाली | रविवार, सकाळी ११.०५

आकडे आणि चांदणी असलेला भाग रफलर आहे, म्हणजे चुण्या पाडण्याची अटॅचमेंट. आकडा १ वर असेल तर प्रत्येक टाक्याला एक चुणी पडते, ६ वर असेल तर सहा टाक्यांनी एक आणि १२ वर असेल तर बारा टाक्यांनी एक. चांदणीवर लावली की चुणी पडायची थांबते आणि साधी शिलाई चालू राहते. परकराच्या झालरीसाठी याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. त्यावर ८६६४२ हा क्रमांक असेल, तर तो सिंगरचा घरगुती मशीनचा रफलर आहे.

पाच खाचांचा तुकडा एज स्टिचर आहे. खाचांना १ ते ५ क्रमांक असतात आणि त्यांतून लेस किंवा मगजीची पट्टी सरकवली की ती कापडाच्या कडेला अगदी सरळ रेषेत शिवली जाते. सिंगरमध्ये त्याचा क्रमांक ३६८६५ असतो; तपासून सांगावे.

भोंगे दोन आहेत म्हणता, त्यांतला एक दुमड घालणारा हेमर असावा आणि दुसरा उरेब पट्टी लावणारा बाइंडर असावा. छायाचित्र टाकल्यास खात्री देता येईल.

मोजपट्टी | रविवार, दुपारी १२.२०

अर्धवट शिंपी यांच्या विधानाशी मी सहमत नाही. जुन्या अटॅचमेंटची ओळख तिच्या आकारावरून सुरू करणे हीच बहुतेकांची पहिली चूक असते. रफलर हा रफलरच दिसतो, मग तो कोणत्याही मशीनचा असो. तो तुमच्या मशीनला बसतो की नाही हे ठरते त्याच्या मानेवरून, म्हणजे स्क्रू कुठून येतो आणि किती उंचीवर येतो यावरून.

माप असे घ्यावे. मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली सोडावा आणि सुईच्या प्लेटपासून फूट धरणाऱ्या स्क्रूच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर मोजावे. ते सुमारे पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर, आले तर मशीन लो शँक, म्हणजे आखूड मानेचे, आहे. सव्वा इंचाच्या आसपास आले तर हाय शँक. सिंगरच्या ३०१, ४०१ अशा काही मशीनमध्ये दांडा आणि सुई तिरकी असते. त्यांना स्लँट शँक म्हणतात आणि त्यांच्या अटॅचमेंट इतर कशालाही लागत नाहीत. अटॅचमेंट हातात असताना तिच्या तळापासून खाचेच्या मध्यापर्यंत हेच माप घ्यायचे.

उंच मानेची अटॅचमेंट लो शँक मशीनला लावू गेल्यास तिचा तळ प्लेटला टेकतो आणि स्क्रू खाचेपर्यंत पोहोचतच नाही. उलट केल्यास अटॅचमेंट कापडाच्या वर अधांतरी लटकते. दोन्ही वेळा माणूस मशीनला दोष देतो.

अर्धवट शिंपी | रविवार, दुपारी १२.३१

माझ्या आईकडे पट्टी नव्हती, तरीही झालरी झाल्या, एवढेच मला म्हणायचे होते.

मोजपट्टी | रविवार, दुपारी १२.३८

आपल्या मातोश्रींकडे लो शँक मशीन आणि लो शँक अटॅचमेंट होत्या. त्यांचे नशीब चांगले होते, पद्धत नव्हे.

वाड्यातली खिडकी | रविवार, दुपारी ४.५५

गोधडीवालीताई, क्रमांक अगदी तेच निघाले, ८६६४२ आणि ३६८६५. एका भोंग्यावर ३५९३१ आहे. माझ्या उषाचे माप शाळेच्या पट्टीने १९ मिलिमीटर भरले आणि रफलर व एज स्टिचर यांचेही तेवढेच आले. या तिन्हींची खाच डाव्या-उजव्या बाजूने उघडी आहे. काळ्या पेटीवर १२१७९५ हा क्रमांक कोरलेला आहे.

मात्र दुसऱ्या भोंग्याची खाच वेगळी आहे. ती बाजूला नसून मागच्या अंगाला आहे. उषाला तो कोणत्याही बाजूने धरून पाहिला, पण स्क्रूखाली येतच नाही. तो वाकलेला आहे की काय, अशी शंका येते.

तेलाची कुपी | रविवार, रात्री ९.१०

तो वाकलेला नाही. कृपा करून पकडीने सरळ करायला जाऊ नका.

मी रविवार पेठेत बरीच वर्षे मशीन दुरुस्तीचे काम केले आहे. सिंगरच्या ६६ या मॉडेलच्या सुरुवातीच्या मशीनना फूट मागून बसत असे. दांड्याच्या मागे स्क्रू असायचा. पुढे त्याच मॉडेलला कंपनीने इतरांसारखा बाजूचा स्क्रू दिला. मागच्या स्क्रूच्या अटॅचमेंट त्या जुन्या ६६ खेरीज घरातल्या कुठल्याही नेहमीच्या मशीनला लागत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइके त्या मोडलेल्या समजून टाकून देत. तुमचा दुसरा भोंगा त्या मशीनचा बाइंडर आहे. ३५९३१ म्हणजे कमीजास्त करता येणारा हेमर, साधारण इंचापर्यंतची दुमड घालतो.

तेव्हा एका प्रश्नाचे उत्तर मिळाले असे धरायला हरकत नाही: आजींकडे जुने ६६ असणार.

बुधवारचा बाजार | रविवार, रात्री ९.४२

मग त्या लांब बॉबीनचे काय? ६६ ला गोल बॉबीन लागते आणि ती प्लेटखाली आडवी बसते. डंबेलसारखी लांब बॉबीन आणि होडीसारखे शटल म्हणजे २७ किंवा २८ हे मॉडेल, अथवा त्यांची पुढची आवृत्ती १२७ आणि १२८. त्यात शटल झोपाळ्यासारखे पुढेमागे झुलते. २८ हे २७ पेक्षा आकाराने लहान असून हाताच्या मशीनमध्ये ते फार दिसते. मी दर बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारतो. लाकडी घुमटाच्या झाकणासह असे मशीन अजून अधूनमधून येते, पण शटल बहुधा हरवलेले असते. आपल्याकडे शटल आहे आणि मशीन नाही, हा उलटा प्रकार मी प्रथमच ऐकतो आहे.

सातबारा | रविवार, रात्री १०.०३

मशीन गेले आणि शटल राहिले, म्हणजे जमीन गेली आणि उतारा राहिला.

उरेब | सोमवार, सकाळी ७.३०

मला वाटते इथे थोडी गल्लत होते आहे. २७, २८, १५, आणि बाजूच्या स्क्रूचे पुढचे ६६ या सगळ्यांची मान लो शँक आहे. म्हणजे रफलर, एज स्टिचर आणि हेमर यांवरून मशीन ओळखताच येणार नाही. ते चारही मशीनना चालले असते. ओळख पटवण्याच्या कामाचे या डब्यात दोनच साक्षीदार आहेत: लांब बॉबीन आणि मागच्या खाचेचा बाइंडर. आणि ते दोघे वेगवेगळ्या मशीनकडे बोट दाखवतात. २८ ला मागून स्क्रू नसतो आणि ६६ ला लांब बॉबीन नसते. तेव्हा आजींच्या घरात निदान दोन मशीन येऊन गेली असली पाहिजेत.

मोजपट्टी | सोमवार, सकाळी ८.१५

उरेब यांचा तर्क मला बिनतोड वाटतो. एक भर घालतो. पेटीवर किंवा अटॅचमेंटवर एखादी इंग्रजी तारीख कोरलेली सापडली, तर ती तयार झाल्याची तारीख समजू नये. ती पेटंटची असते. सिंगरची जी सागवानी रंगाची, ओकची घडीची पेटी अटॅचमेंटसह मिळत असे, तिच्यावर १९ फेब्रुवारी १८८९ ही तारीख असते आणि ती पाहून लोक आपली पेटी १८८९ सालची असल्याचे सांगत फिरतात. पेटी त्यानंतर कितीतरी वर्षे विकली जात होती.

बुधवारचा बाजार | सोमवार, सकाळी ११.२०

नावाबद्दलही तसेच आहे. ‘सिमँको’ हे सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी या नावाचे संक्षिप्त रूप, त्यामुळे तो शिक्का असेल तर अटॅचमेंट सिंगरची. पण ‘ग्राइस्ट’ किंवा ‘जॉन्स्टन’ असे नाव दिसले तर त्या नावाचे मशीन शोधत बसू नये. ग्राइस्ट हा न्यू हेवनचा कारखाना निरनिराळ्या कंपन्यांच्या मशीनसाठी अटॅचमेंट बनवत असे, आणि जॉन्स्टन रफलरवर आयोवातल्या ऑटमवा या गावाचे नाव असते. तो मला जुन्या बाजारात मिळाला तेव्हा मी महिनाभर ऑटमवा नावाचे शिवणयंत्र शोधत होतो, हे इथे कबूल करतो.

वाड्यातली खिडकी | सोमवार, दुपारी २.०५

दोन मशीनची कल्पनाही मला नव्हती. आत्या नाशिकला असते. तिला आज रात्री फोन करते. तोवर त्या काळ्या पेटीबद्दल कुणी सांगाल का?

गोधडीवाली | सोमवार, दुपारी ३.३०

१२१७९५ म्हणजे काजे करण्याची अटॅचमेंट. आपले साधे मशीन सुई फक्त वर-खाली नेते, त्यामुळे काजाचे आडवे टाके घालण्यासाठी सुई हलवणे शक्य नसते. म्हणून ही पेटी सुईऐवजी कापडच हलवते. तिची काटकी सुई धरणाऱ्या स्क्रूवर बसते. सुई वर-खाली झाली की काटकी आतली चाके फिरवते आणि कापडाची चिमटी डावी-उजवीकडे व गोल सरकत राहते. काजाची लांबी, टाक्याची रुंदी आणि टाक्यांमधले अंतर वेगवेगळ्या स्क्रूंनी ठरवता येते. नंतर आलेल्या १६०५०६ मध्ये प्रत्येक मापाच्या काजाला वेगळी धातूची चकती घालावी लागते. तुमच्या पेटीत चकती नसते, त्यामुळे हरवायलाही काही नाही.

ही लावताना मशीनचे, कापड पुढे सरकवणारे दाते कापडाला लागता कामा नयेत. नव्या मशीनचे दाते खाली उतरतात. तुमच्या उषाचे उतरत नसतील तर दाते झाकण्याची एक पत्री या पेटीबरोबर येत असे. डब्यात चौकोनी, मध्ये भोक असलेली पत्री आहे का, ते पाहावे. काजाभोवती दोन फेरे घेतले म्हणजे काज घट्ट होते. चालताना ती खडखड फार करते, घाबरू नये.

अर्धवट शिंपी | सोमवार, दुपारी ४.००

सुई स्थिर आणि कापड फिरते, हे वाचून मी चकित झालो आहे. आईकडे ही पेटी होती आणि ती तिला ‘बेडूक’ म्हणत असे. आम्हाला तिला हात लावायची परवानगी नव्हती.

तेलाची कुपी | सोमवार, रात्री ८.५०

उषाला रफलर लावण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, कारण या दोन्हींमुळे माझ्याकडे मोडलेल्या सुया घेऊन लोक येत असत.

रफलरची काटकी सुईच्या स्क्रूला वरून-खालून कवेत घेते. म्हणजे स्क्रूचा दांडा काटकीच्या दोन बोटांमध्ये असला पाहिजे. काहीजण काटकी स्क्रूच्या खाली ठेवतात, मग सुई वर गेली तरी रफलर हलत नाही किंवा अर्धवट हलतो. लावल्यावर मोटारीने किंवा पायाने चालवू नये. हाताने चाक दोन फेरे फिरवून सुई भोकात नीट उतरते हे पाहावे.

दुसरे म्हणजे रफलरच्या दोन निळसर पाती. त्या पोलादी स्प्रिंगच्या आहेत आणि एकीला बारीक दाते आहेत. चुण्या पडणारे कापड दोन पातींच्या मध्ये जाते. ज्या कापडावर झालर लावायची ते खालच्या पातीखाली. मध्ये कापड नसताना चालवला तर दाते बोथट होतात, आणि बोथट झालेला रफलर कापड ढकलतच नाही. गंज असेल तर केरोसीनमध्ये भिजवून फडक्याने पुसा. पॉलिश पेपर पातींना लावू नये.

आपल्याकडची काळी मशीन बहुतेक १५ या मॉडेलच्या धाटणीची आहेत, त्यामुळे माप जुळते. पण सुईच्या स्क्रूचा दांडा कुठे जाड, कुठे बारीक असतो. काटकी ढिली बसली तर चुणी मागेपुढे पडेल. तेव्हा सिंगरच्या जाडीचा स्क्रू बदलून घ्यावा.

उरेब | सोमवार, रात्री ९.२५

केरोसीनबद्दल माझा थोडा मतभेद आहे. निकेलचा मुलामा सुटत आलेल्या भागाला मी फक्त मशीनचे तेल लावून रात्रभर ठेवते. वास तरी राहत नाही, आणि पुढच्या कापडाला डाग पडत नाही.

तेलाची कुपी | सोमवार, रात्री ९.३३

घरात एक डबा साफ करायचा असेल तर तुमची पद्धत उत्तम आहे. मला रोज वीस साफ करावे लागत.

वाड्यातली खिडकी | मंगळवार, सकाळी ९.४०

आत्याशी काल तासभर बोलणे झाले. उरेब, तुमचा तर्क खरा ठरला.

तिच्या सांगण्यानुसार पहिले मशीन हाताचे होते आणि ते पणजीचे. त्यावर कमानीसारखे लाकडी झाकण होते व आत होडी होती. ती होडी काढून खेळल्याबद्दल आत्याने मार खाल्लेला आहे. आजीला शिवणाची बाहेरची कामे मिळू लागली तेव्हा एका हाताने चाक फिरवणे परवडेना, म्हणून आजोबांनी पायाचे दुसरे मशीन जुने म्हणूनच विकत आणले आणि हाताचे मशीन मोडीत दिले. दुसऱ्या मशीनवर काय चित्र होते असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘लाल मोराचे डोळे होते, रात्री दिव्यात ते आपल्याकडे बघायचे.’

बुधवारचा बाजार | मंगळवार, सकाळी ९.५८

ते ६६ आहे. त्याच्या त्या लाल-सोनेरी नक्षीला संग्राहक ‘रेड आय’ म्हणूनच ओळखतात. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगावा.

मोजपट्टी | मंगळवार, सकाळी १०.३०

ते मशीन आता कुठे आहे? त्याच्या तळपाटावर क्रमांक असेल. १९०० पासून सिंगरने क्रमांकाआधी अक्षर घालायला सुरुवात केली, त्यामुळे अक्षर आणि आकडा मिळाल्यास कारखाना आणि साल काढता येते. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक इथला किलबोवीचा कारखाना १८८५ ते १९८० या काळात चालू होता आणि ‘के’ अक्षर जोडलेली १५के, ६६के, ९९के ही मॉडेल त्याच कारखान्याची.

वाड्यातली खिडकी | मंगळवार, दुपारी १.१५

दुःखाची गोष्ट सांगते. मशीनचे डोके कुणाला दिले ते आत्याला आठवत नाही. लोखंडी पायदान मात्र काकांच्या बाल्कनीत आहे. त्यावर संगमरवराची फळी टाकून तुळस आणि कोरफड ठेवली आहे.

सातबारा | मंगळवार, दुपारी १.२०

निदान त्या पायदानावर अजून कुणीतरी उभे आहे.

गोधडीवाली | मंगळवार, दुपारी २.४५

मग तुमच्या डब्याचा हिशेब असा लागतो: लांब बॉबीन आणि शटल पणजींच्या हाताच्या मशीनचे, मागच्या खाचेचा बाइंडर आजींच्या ६६ चा. रफलर, एज स्टिचर आणि हेमर यांची खाच बाजूची असल्यामुळे ती मागच्या स्क्रूच्या ६६ ला बसली नसती; म्हणजे ती हाताच्या मशीनबरोबर आलेली असणार. काजाची पेटी मात्र मला खटकते. ती त्या दोन्हींपेक्षा नंतरच्या काळातली आहे, आणि मागच्या स्क्रूच्या मशीनला ती लागत नाही.

उरेब | मंगळवार, दुपारी ३.१०

तेलाच्या कुपींनाच विचारते: जुन्या ६६ चा फूट धरणारा दांडा बदलून बाजूच्या स्क्रूचा बसवता येतो, असे मी ऐकले आहे. आजींनी तसे करून घेतले असेल का?

तेलाची कुपी | मंगळवार, रात्री ९.००

होय, येतो. नंतरच्या ६६ चा दांडा त्यात जातो. मी स्वतः काही बदलून दिले आहेत. शिंपीकाम करणारी बाई काजासाठी तेवढा खर्च नक्की करील, कारण हाताने काजे करण्यात दिवस जातो. दांडा बदलला की मागचा बाइंडर निकामी झाला, आणि रफलर व एज स्टिचर, जे इतकी वर्षे पडून होते, ते पुन्हा चालू झाले. डब्यात जुना, मागून भोक असलेला साधा फूट आहे का, तेवढे पाहा.

वाड्यातली खिडकी | बुधवार, सकाळी ८.२०

आहे. बटणांच्या तळाशी, सुतळीने बांधलेल्या कागदाच्या पुडीत तो फूट आणि एक दांडा, दोन्ही आहेत. पुडीवर आजीच्या अक्षरात लिहिले आहे, ‘जुना. टाकू नये.’

दाते झाकण्याची पत्रीही त्याच पुडीत निघाली.

अर्धवट शिंपी | बुधवार, सकाळी ८.३५

मोजपट्टीसाहेब, मी आज दुकानातून पट्टी आणतो.

वाड्यातली खिडकी | रविवार, सायंकाळी ६.१०

काटकी उषाच्या स्क्रूवर थोडी ढिली बसत होती, म्हणून स्क्रू बदलून घेतला. सुती कापडावर ६ आकड्याने सव्वा मीटर झालर घातली. पहिल्या वीतभर चुण्या वेड्यावाकड्या पडल्या, कारण झालरीचे कापड मी दोन्ही पातींच्या खाली घातले होते. नंतरच्या सगळ्या चुण्या सारख्या आल्या. बेडूक पुढच्या रविवारी लावून पाहणार आहे.